नव्या मांडणीशेजारी जुनी खुर्ची

कोपनहेगनमध्ये भाड्याचं घर मिळतं तेव्हा त्यात स्वयंपाकघर असतं, पण बहुतेकदा दिवेसुद्धा नसतात. आधीचा भाडेकरू आपले दिवे काढून घेऊन गेलेला असतो. त्यातच डेन्मार्कच्या कायद्यानुसार घरमालक तीन महिन्यांपर्यंतचं डिपॉझिट आणि वर तीन महिन्यांपर्यंतचं आगाऊ भाडं घेऊ शकतो. घर लावायची वेळ येते तेव्हा खिसा आधीच रिकामा झालेला असतो.

आम्हीही पहिल्या आठवड्यात इथल्या सगळ्यांसारखे आयकियात गेलो. गादी घेतली, पांढरं कपाट घेतलं आणि १९७९ पासून विकली जाणारी ती ‘बिली’ नावाची पुस्तकांची मांडणी घेतली. सामान चांगलं होतं, पण संध्याकाळी घरी आलं की कुणाच्या तरी घरी उतरल्यासारखं वाटायचं.

मग एका शनिवारी रेड क्रॉसच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. ही दुकानं स्वयंसेवक चालवतात. तिथल्या आजीबाईंनी मला एका साध्या लाकडी खुर्चीसमोर रेंगाळताना पाहिलं आणि खुर्ची उचलून सरळ उलटी केली. “आधी पोट बघायचं,” म्हणाल्या. पाय हलतोय का, जोडावर नवा खिळा ठोकलाय का, खालच्या बाजूने दोरी कुरतडलीय का, हे सगळं त्यांनी माझा हात धरून दाखवलं. बैठक कागदाच्या पिळलेल्या दोरीची होती. दुसऱ्या महायुद्धात विणकामाचं नेहमीचं सामान मिळेना, तेव्हा इथे ही दोरी वापरात आली आणि ती टिकली. खुर्चीचं नाव जे ३९. एफडीबी या ग्राहकांच्या सहकारी संस्थेने सामान्य कुटुंबांना परवडेल असं फर्निचर करायचं ठरवलं, तेव्हा त्यांचे फर्निचर-डिझायनर बॉर्गे मोगेन्सन यांनी १९४७ मध्ये ती आखली. लोक तिला ‘फोल्केस्टोलेन’ म्हणतात, म्हणजे लोकांची खुर्ची. नवी घ्यायची तर कित्येक हजार क्रोनर मोजावे लागतात. आमची डागाळलेली होती, म्हणून ४०० मध्ये मिळाली.

ती बिलीशेजारी ठेवली आणि खोली बदलली. पांढऱ्या, सपाट मांडणीपुढे त्या लाकडाच्या रेषा उठून दिसायला लागल्या, आणि मांडणीही स्वस्तातली वाटेनाशी झाली. सगळंच जुनं घेतलं असतं तर घराचं गोदाम झालं असतं असं मला खरंच वाटतं.

डाग घालवायची रीतही आजीबाईंनीच सांगितली. इथे दुकानात साबणाचा पांढरा चुरा मिळतो. तो गरम पाण्यात विरघळवायचा, फडकं घट्ट पिळायचं आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसायचं. मात्र हे वार्निशऐवजी साबणाचाच हात दिलेल्या फिक्या लाकडासाठी. सागवानाला तेलच लागतं.

आमच्या जुन्या सागवानी जेवणाच्या टेबलावर मात्र मी घाई केली. कपाचा एक गोल डाग होता, म्हणून पॉलिश पेपर घेऊन घासत बसले. १९५०-६० च्या काळातल्या बऱ्याच टेबलांना वर सागाचा पातळ पापुद्राच असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तळहाताएवढा भाग फिका पडला, खालचं लाकूड दिसायला लागलं. फार वाईट वाटलं. कुणीतरी साठ वर्षं सांभाळलेली वस्तू होती ती. असं टेबल घेतलंत तर आधी कडेला निरखून बघा, थर दिसतो.

गादी आणि कापडी सोफा मात्र नवाच घ्या. ढेकूण घरात आले तर वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट जातात. ब्राझीलच्या रोझवूडची कपाटं दिसायला अप्रतिम असतात, पण ते लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीत आहे. कागदपत्रांशिवाय विकता येत नाही की देशाबाहेर नेता येत नाही. पुढेमागे परतायचा विचार असलेल्यांनी त्याच्या मोहात न पडलेलं बरं.

दिव्यावर मात्र आम्ही मनापासून खर्च केला. डिसेंबरमध्ये इथे जेमतेम सात तास उजेड असतो. जेवणाच्या टेबलावर डॅनिश डिझायनर पॉल हेनिंग्सन यांचा १९५८ चा पीएच ५ हा दिवा टांगलाय, जुनाच, आतली वायर इलेक्ट्रिशियनकडून नवी घालून घेतलेली. त्याच्या थरांमुळे बल्ब कुठूनच डोळ्यांत जात नाही. उजेड खाली टेबलावर पसरतो, त्या फिक्या डागावरही.

त्याखाली आता तीन खुर्च्या आहेत, तिघींचा रंग वेगळा. चौथी आली की बाजूला काढून ठेवते, असं आजीबाई म्हणाल्यात. शनिवारी जाऊन बघते.