लाँचर ग्रिड: रिफ्लो गेला, उभा मॉनिटर अडून बसलाय

माझा लाँचर म्हणजे अ‍ॅप उघडायच्या आयकॉनची जाळी. मोठ्या मॉनिटरवर हव्या त्या आयकॉनवर नजरेआधी हात पोचतो आणि लॅपटॉपवर तोच हात भलतीकडे जातो, हे दुखणं अखेर सुटलं. म्हणजे निम्मं सुटलं.

चोर रिफ्लोच निघाला, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीनुसार आयकॉन आपोआप नव्या ओळींत सरकणं. मोठ्या स्क्रीनवर ८ × ५ ची जाळी, लॅपटॉपवर मावत नाही म्हणून ६ रकान्यांची व्हायची. टर्मिनल (कमांड टाइप करायचं अ‍ॅप) १५वं, म्हणजे दुसऱ्या ओळीत उजवीकडून दुसरं. सहाच्या जाळीत तेच तिसऱ्या ओळीत, तिसऱ्या रकान्यात! क्रम शाबूत, जागा पार बदललेली. आणि क्रम कोणाच्या लक्षात राहतो? लक्षात राहतं ते ‘वर, उजव्या कडेजवळ’.

सीएसएसमधलं (मांडणी ठरवणाऱ्या कोडमधलं) ऑटो-फिट, म्हणजे रकाने जागेनुसार आपोआप ठरवणं, उडवलं, रकाने आठवर बांधले. आता अख्खी जाळी आकसते, पण कोण कुणाशेजारी हे हलत नाही. लॅपटॉपवर नावं मावेनात, मग तीही काढली. कर्सर नेला तरच दिसतात. याला धीर डेटा माउंटनने दिला. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या या १९९८च्या प्रयोगात लोकांनी १०० वेबपानांची छोटी चित्रं कललेल्या पृष्ठावर आपल्या मनाने मांडली होती. काही महिन्यांनी त्यांनाच बोलावून चित्रं झाकली, तर आधी अडखळले, पण लवकरच पूर्वीच्या वेगाने पानं शोधू लागले. काल फोनवर बोलता बोलता फाइल मॅनेजर उघडला, तेव्हा मलाही पटलं.

उरला उभा मॉनिटर. आठ रकाने ताणून बसवले तर चिंचोळ्या पट्ट्या होतात. जाळी फिरवली तर उजवी कड खाली जाते आणि सगळं मुसळ केरात. सध्या जाळी आडवीच ठेवून वर चिकटवलीये. खालचा दोन-तृतीयांश स्क्रीन ओसाड, दिसायला भयाण, पण हात चुकत नाही.

वापरानुसार क्रम लावणारं सॉर्टिंग पुढच्या टप्प्यात होतं, ते रद्द. ऑफिस २०००चे कमी वापरलेल्या कमांड लपवणारे मेन्यू आठवा! मॅकवरही स्पेसेस (आभासी डेस्कटॉप) अलीकडच्या वापरानुसार आपोआप हलवणारा पर्याय मी सगळ्यात आधी बंद करतो.

त्याऐवजी खुणा: चौथ्या-पाचव्या रकान्यामध्ये जाड रेघ, चारही कोपऱ्यांना वेगळे रंग. जाळीच्या मधोमध अजून चाचपडायला होतं, कडेला नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: उभ्या मॉनिटरच्या त्या ओसाड भागात स्क्रॅचपॅड (झटपट टिपणांची जागा) बसेल की! पण मग आडव्या स्क्रीनवर त्याला जागा कुठली? राहू दे, आधी रंग.