आमची वाटचाल: उद्यमबाग ते जेबेल अली

बेळगावात उद्यमबागेत किंवा मच्छ्याला, या औद्योगिक वसाहतींत जाऊन कुणालाही धंदा विचारा, निम्मे लोक 'जॉबवर्क' म्हणतील, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम. आमचंही तेच होतं. वडिलांचा एक लेथ, एक रेडियल ड्रिल आणि शेजारच्या फाउंड्रीतून येणारी कास्टिंग्ज, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग. भोकं पाडायची, फेस मारायचा, माल परत द्यायचा आणि बिलासाठी फेऱ्या मारत बसायचं. मी हाताशी आल्यावर संगणकावर चालणारं सीएनसी मशीन घेतलं आणि व्हॉल्व्ह बॉडी, पंपांची कव्हरं आम्ही स्वतःच्या नावानं विकू लागलो.

निर्यात सुरू झाली दुबईला, तिथल्या जेबेल अली बंदरात. दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीशी (यूएई) भारताचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला आणि आमच्या मालावरची तिकडची ५ टक्के ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, शून्यावर आली. ५ टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल. कास्टिंगच्या धंद्यात वर्षाचा निव्वळ नफा कधीकधी तेवढाच असतो. चिनी मालावर ड्युटी कायम राहिली, त्यामुळे चौकशा वाढल्या. पण दुबईचा व्यापारी काय कच्च्या गुरूचा चेला? 'तुमची ड्युटी वाचली, आता भाव उतरवा' म्हणाला. निम्मा फायदा तिथेच गेला.

उरलेला फायदा मिळतो तोही कागद असेल तरच. प्रत्येक शिपमेंटला मूळ देशाचा दाखला, म्हणजे माल भारतातच बनल्याचा कागद, लागतो. पिग आयर्न (कास्टिंगसाठी वितळवायचं कच्चं लोखंड) कुठलं, गळती थांबवणारे सील कुठले, किती किमतीचे, सगळं दाखवावं लागतं. आमच्याकडे हे बघायला माणूस आहे. गल्लीतला तीन मशीनवाला पुण्याच्या निर्यातदाराला माल देऊन मोकळा होतो, आणि सवलत पुण्यातच राहते. दिल्लीत निर्यातीचा आकडा वाढलेला दिसतो, तो खोटा नसतो. पण पैसा कुणाच्या खिशात थांबला हे त्यात दिसत नाही.

याच करारात आपण अमिराती सोन्याला ठरावीक कोट्यापर्यंत १ टक्का ड्युटी-सवलत दिली. तो महसूल देशाचा. आमच्या शून्य ड्युटीची किंमत कुणीतरी भरतंच.

नुसत्या व्यापारी तुटीवरून करार वाईट ठरवणारेही मला पटत नाहीत. आग्नेय आशियाई देशांशी झालेला आसियान करार २०१० पासून लागू आहे, तूट वाढली हे खरं. पण आयातीत कारखान्यांना लागणारा मालही असतो. ऑस्ट्रेलियाच्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून तिकडच्या कोकिंग कोळशावरची (लोखंड गाळायला लागतो तो) २.५ टक्के ड्युटी गेली. मोठ्या पोलाद कंपन्यांचं भलं झालं असेल. पिग आयर्नच्या भावात मला काही ते जाणवलं नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसीईपीतून, म्हणजे चीन, न्यूझीलंड वगैरे देशांच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर राहिला तेव्हा मात्र आमच्या घरात एकमत होतं. चिकोडीच्या मामांना न्यूझीलंडच्या दूध पावडरीची धास्ती, मला चिनी कास्टिंग्जची. पुढे ब्रिटनच्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सही झाली, त्यात आपण दुग्धपदार्थ बाहेर ठेवले. मामा खूश. 'तुझ्या व्हॉल्व्हसाठी आमची म्हैस विकली नाही बघ,' म्हणतात. चेष्टेत म्हणतात, पण प्रत्येक करारात वाटाघाटी होतात त्या याच गोष्टीवर.

सध्या ब्रिटनमधल्या एका पंपवाल्याला नमुने पाठवलेत. दरपत्रकात ड्युटीची सवलत धरलेली नाही. ती मिळाली तर फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात तिथे, धूळ ओढणारं यंत्र बसवायचं ठरलंय.