आधी आवाज येतो

अलास्काहून येऊन तीन आठवडे झाले तरी ताईचे आणि माझे फोन अजून त्याच विषयावर चालतात. हजारभर फोटो काढलेत, पण मला सगळ्यात जास्त काय आठवतं विचाराल तर तिथले आवाज. म्हणून फोटो नंतर टाकेन, आधी हे लिहून काढते.

आम्ही गेलो होतो केनाय फ्योर्ड्स नॅशनल पार्कमध्ये सी कयाकिंगला, जूनमध्ये. सेवर्ड नावाचं छोटं बंदर आहे, तिथून वॉटर टॅक्सी पकडायची, रेझरेक्शन बेमधून बाहेर पडायचं, आयालिक केपला वळसा घालायचा आणि आयालिक बेमध्ये शिरायचं. चांगले दोनेक तास जातात आणि केपपाशी बोट अशी आपटते की हर्णैला मे महिन्याच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो ना, त्याचीच आठवण यावी. आत गेलं की मात्र पाणी एकदम निवांत. वर डोंगरांवर हार्डिंग आईसफील्ड म्हणून बर्फाचं अवाढव्य पठार आहे, त्यातून चाळीसेक ग्लेशियर खाली उतरतात आणि काही तर थेट समुद्रातच येऊन थांबतात. आयालिक त्यातलाच, तोंडाशी साधारण दीड किलोमीटर रुंद.

आम्ही दोघी समुद्राकाठी वाढलेल्या, त्यामुळे पाण्याची भीती अशी नव्हतीच, पण हे पाणी वेगळं आहे. गाईडने किनाऱ्यावर उभं करून पहिला अर्धा तास फक्त थंडीबद्दल सांगितलं. कयाक उलटली तर पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध जायला साधारण तास, म्हणून लाईफ जॅकेट एक क्षणही काढायचं नाही. मला ते ऐकून समजलं होतं पण कळलं दुसऱ्या दिवशी, जेव्हा फोटोसाठी ग्लोव्ह काढला आणि वल्ह्यावरून ओघळणारं पाणी सारखं हातावर येत राहिलं. काही मिनिटांत बोटं अशी बधिर झाली की लाईफ जॅकेटचं बकल सैल करायचं होतं तर ते दाबताच येईना. पुढे बसलेली ताई वळून म्हणाली, "आण इकडे हात," आणि स्वतःच्या काखेत धरून बसली, लहानपणी करायची तसंच. नुसत्या ओल्या हाताची ही गत, तर पूर्ण पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होत असेल.

आणि त्याच पाण्यात सी ऑटर उताणे पडून असतात, पोटावर शिंपला ठेवून दगडाने फोडून खातात. टक, टक, टक असा आवाज येतो, आम्ही आधी तो ऐकला आणि मग शोधत बसलो कुठून येतोय. आपल्याकडच्या उदाचाच भाऊबंद, पण हा कायमचा समुद्रात राहणारा. त्याच्या अंगावर देवमाशासारखा चरबीचा थर नाही, आहे ती फक्त फर, एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस. त्या फरसाठीच त्यांना इतकं मारलं की 1911 साली आंतरराष्ट्रीय करार झाला तेव्हा अगदी थोडे उरले होते. ऊब टिकवायला रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा तरी खायला लागतं, म्हणून तो खात असताना जवळ जाऊन त्याला बुडी मारायला लावणं म्हणजे त्याच्या पानावरून त्याला उठवणं. आम्ही वल्हं मांडीवर ठेवून लांबच थांबलो.

ग्लेशियरच्या जवळ गेल्यावर पाण्यात बर्फाचे तुकडे सुरू होतात आणि तिथून तो आवाज सुरू होतो जो माझ्या कानातून अजून जात नाही. तडतड तडतड, फोडणीत मोहरी उडावी तशी, सगळीकडून. बर्फात शेकडो वर्षांपूर्वीची हवा दाबून बसलेली असते आणि बर्फ वितळला की एकेक बुडबुडा फुटून बाहेर येतो. संशोधकांनी पाण्याखाली माईक सोडून मोजलंय, अशा ग्लेशियरच्या खाड्या समुद्रातल्या सगळ्यात गोंगाटाच्या नैसर्गिक जागांपैकी आहेत. हार्बर सील पिल्लं घालायला याच तरंगत्या बर्फावर येतात, आणि एक अंदाज असा आहे की या गोंगाटात ऑर्कांना, म्हणजे किलर व्हेलना, त्यांचा माग लागत नाही म्हणूनही ते इथे येत असावेत. आम्ही दुर्बिणीतून बघितलं, एक पिल्लू आईला चिकटून झोपलेलं, आणि आई मात्र सारखी मान वर करून आमच्याकडे बघतेय. गाईडने लगेच मागे वळायला सांगितलं. आई घाबरून पाण्यात उतरली की पिल्लाचं दूध तुटतं.

ग्लेशियरचा कडा कोसळताना मात्र उलटं होतं. आम्ही जवळजवळ किलोमीटरभर लांब होतो, समोर निळा तुकडा नुसता सरकल्यासारखा दिसला, अजिबात आवाज नाही, आणि मग तीन सेकंदांनी गडगडाट छातीत येऊन आदळला. मग लाट. कयाकचं नाक तिच्याकडे वळवलं आणि वर खाली होत राहिलो, बोललं कोणीच नाही.

हंपबॅक देवमासा संध्याकाळी भेटला, म्हणजे घड्याळाप्रमाणे संध्याकाळ, उजेड अकरा वाजेपर्यंत असतोच. मागून फूस्स करून मोठा श्वास. "अगं ताई, थांब थांब," एवढंच माझ्या तोंडून निघालं. कायद्याने शंभर यार्ड अंतर ठेवायचं असतं, आम्ही त्याहून लांब होतो तरी तो श्वास शेजारच्या खोलीतून यावा इतका जवळचा वाटला. तिथले बरेचसे हिवाळ्यात हवाईला जातात पिल्लं घालायला. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र असं कुठे जात नाहीत, बारा महिने इथेच, आणि शंभरही उरले नसावेत. हर्णैला वाढून मला हे माहीतच नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

ऑर्का परतीच्या वाटेवर, बोटीतून दिसले. मासे खाणारा कळप होता तो. सील आणि पॉरपॉइज (डॉल्फिनचे छोटे भाऊबंद) खाणारे ऑर्का वेगळे, ते शिकार करताना गप्प असतात कारण सावज ऐकू शकतं, आणि शिकार झाली की मग बोलतात. त्यांच्यातलाच एक कळप इथला, शास्त्रज्ञ त्याला एटी1 म्हणतात. 24 मार्च 1989 ला एक्सॉन वाल्डेझ जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं आणि जवळपास चार कोटी लिटर तेल सांडलं. त्याआधी या कळपात 22 जण होते, त्यातले नऊ त्यानंतर दिसलेच नाहीत. 1984 नंतर या कळपात एकही पिल्लू जन्मलेलं नाही. आता सात उरलेत आणि शास्त्रज्ञांनी त्यांची आशा सोडल्यात जमा आहे. त्यांची बोली दुसऱ्या कुठल्याही ऑर्काशी जुळत नाही. इव्हा सॉलाइटिस नावाच्या संशोधिकेने वर्षानुवर्षं छोट्या बोटीत बसून त्यांचे आवाज ऐकले आणि त्यांचा अभ्यास केला, 2016 मध्ये त्याही गेल्या.

गाईडच्या फोनमध्ये त्या कळपाचं एक रेकॉर्डिंग होतं. सेवर्डच्या धक्क्यावर सामान उतरवून झालं होतं, त्याने ते लावलं, लांबच लांब, वर चढत जाणारी हाक आणि मग बराच वेळ नुसतं पाणी. ताईने काही न बोलता खुणेनेच परत लावायला सांगितलं.