वजनातलं मीठ

भोसरीतला एक गाळा, हप्त्यावर घेतलेला, शुद्धता तपासायचा जुना एचपीएलसी आणि हाताने हलवायचं काचेचं रिअ‍ॅक्शन व्हेसल. एवढ्यावर आम्ही पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, करून विकायला लागलो. माल गोठवून सुकवणाऱ्या लायोफिलायझरचा पंप रात्रभर चालायचा. त्याचा सूर जरा बदलला तरी मला अजून जाग येते.

चौथ्या वर्षी एकाने आमच्या निम्म्या दराने कोटेशन द्यायला सुरुवात केली. शुद्धता ९५ टक्के, आमचीही तेवढीच. वर्षभरात पाचातले चार ग्राहक गेले, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या आणि मी, ज्यावर साखळी बांधतात त्या रेझिनच्या बाटल्या मोजत बसलो.

राहिल्या विद्यापीठातल्या एक बाई. त्यांचं काम पेक्सिगनान या जंतुमारक पेप्टाइडवर. मायकेल झास्लॉफ या शास्त्रज्ञांना १९८७ मध्ये बेडकाच्या कातडीत मॅगेनिन हे पेप्टाइड सापडलं, त्यावरून बेतलेलं हे. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी मलम व्हायचं होतं, १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नाकारलं. बाई म्हणायच्या, "मलम नाकारलं, बॅक्टेरियाच्या पटलाला भोकं पाडायचं ते विसरलंय थोडंच!"

ग्रँट आटल्यावर बाईंनीही एकदा त्या निम्म्या दरवाल्याकडून माल घेतला. मला सांगून घेतला, हे महत्त्वाचं. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा, एक पायरी वर गेली. बाईंनी त्याची नि आमची, दोन्ही कुप्या अमिनो आम्ल विश्लेषणाला, म्हणजे खरं पेप्टाइड किती ते मोजायला, पाठवल्या आणि सगळं उघडं पडलं. पेक्सिगनानमध्ये लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल नऊ वेळा, वर एक मोकळं टोक, म्हणजे दहा धनभार. क्लीव्हेजनंतर, म्हणजे साखळी रेझिनवरून सोडवल्यावर, प्रत्येक धनभाराला टीएफए या आम्लाचा एकेक रेणू चिकटतो. वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा नुसतं मीठ! आम्ही टीएफएच्या जागी क्लोराइड आणून, निव्वळ पेप्टाइड मोजून कुपी भरायचो. तो मिठासकट काट्यावर ठेवायचा. ९५ टक्के खोटं नव्हतंच, एचपीएलसीच्या शुद्धतेत मीठ कोण धरतं? पण लोकांनी चोर समजलं ते मला, दर जास्त म्हणून.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. कोटेशन मागवताना निव्वळ पेप्टाइड किती ते लेखी घ्या. एमआयसी लावताना पॉलिप्रोपिलीनच्या प्लेटा वापरा. पॉलिस्टायरीनला हा धनभारित माल चिकटून बसतो आणि मग शिव्या आम्हाला.

बाईंनी तो रिपोर्ट आपल्या दोन-तीन ओळखीच्या लॅबना दाखवला. गेलेल्यांपैकी दोघे परत आले. दर कमी करा म्हणतच.