तुम्ही विचारलंत म्हणून: रिन टिन टिन खरंच अभिनय करायचा का?

मूकपटांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या महायुद्धात सापडलेलं रिन टिन टिन नावाचं कुत्र्याचं एक अनाथ पिल्लू हॉलिवूडचा हिरो झालं म्हणतात, ते कसं? आणि तो कुत्रा खरंच अभिनय करायचा का? आधी दुसऱ्याचं उत्तर: तो मालकाचं ऐकायचा, आणि फार छान ऐकायचा. मूकपटात तेवढं पुरत होतं.

आता 'अनाथ'पणाचं. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधल्या फ्लिरे गावात ली डंकन या अमेरिकन सैनिकाला बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं जर्मन लष्कराचं श्वानगृह दिसलं. आत एक जर्मन शेफर्ड कुत्री आणि तिची डोळेही न उघडलेली पाच पिल्लं. म्हणजे आई जिवंत होती. डंकनने एक नर आणि एक मादी ठेवून घेतली, बाकीची इतरांकडे गेली. फ्रेंच मुलं सैनिकांना शुभ म्हणून धाग्यांच्या बाहुल्यांची जोडी द्यायची. त्या बाहुल्यांची नावं या दोघांना मिळाली, रिन टिन टिन आणि नॅनेट. नॅनेट अमेरिकेत पोचली आणि न्यूमोनियाने गेली. अनाथाश्रमात खरोखर राहिलेला या गोष्टीत एकच जण, तो म्हणजे डंकन. वडील सोडून गेल्यावर आईने त्याला काही वर्षं ओकलंडच्या आश्रमात ठेवलं होतं आणि मग परत नेलं.

लॉस एंजेलिसमधल्या पहिल्या श्वान प्रदर्शनात रिन टिन टिन सगळ्यांवर गुरगुरला, त्यामुळे बक्षीस वगैरे काही नाही. परतीच्या वाटेवर गाडीतून फेकलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा अंगावर पडून पुढचा डावा पाय मोडला. प्लास्टर, मग महिनोन् महिने शुश्रूषा. पाय बरा झाल्यावर १९२२ च्या प्रदर्शनात त्याने ११ फूट ९ इंचांचा अडथळा ओलांडला आणि ती उडी डंकनच्या ओळखीच्या चार्ली जोन्सने नव्या स्लो मोशन कॅमेऱ्यावर टिपली. स्लो मोशन म्हणजे चित्रण भरभर करायचं आणि दाखवताना नेहमीच्या वेगाने दाखवायचं. साध्या कॅमेऱ्याचा हँडल सेकंदाला दोन वेळा फिरवला की १६ फ्रेम मिळायच्या. तेवढ्यात ही उडी डोळ्यासमोरून सटकन निघून गेली असती. ती संथ झाली आणि कुत्र्याचं अंग कसं ताणलं जातं ते दिसलं. स्ट्राँगहार्ट नावाचा जर्मन शेफर्ड तेव्हा पडद्यावर गाजत होताच. डंकन कुत्र्याला घेऊन छोट्या स्टुडिओंचे उंबरे झिजवू लागला.

पहिली संधी मिळाली ती एका लांडग्यामुळे. १९२२ च्या 'द मॅन फ्रॉम हेल्स रिव्हर'च्या सेटवर तो लांडगा कॅमेऱ्यापुढे काही केल्या नीट वागेना. डंकन बाजूला उभा राहून आवाज देत गेला, रिन टिन टिन ते ते करत गेला आणि काम झालं.

खरी मेख इथे आहे. मूकपटाच्या सेटवर आवाजाला बंदी नव्हती. दिग्दर्शक नटांना शॉट चालू असतानाच सूचना द्यायचा, मग कुत्र्याला का नाही? थांब, वळ, पोटावर सरपट, मान खाली घाल: एकामागून एक आज्ञा आणि त्यातून पाच-सहा हालचालींचा सलग शॉट. बक्षीस म्हणून खाऊपेक्षा आवडतं खेळणं बरं. खाऊ दिसला की कुत्रा जीभ चाटतो आणि दुःखाच्या प्रसंगाचा विचका होतो.

फसतं कुठे? सर्वांत आधी नजरेत. कुत्रा खलनायकाकडे पाहायच्या ऐवजी मालकाकडे पाहतो. म्हणून मालकाने कुत्र्याने जिकडे पाहायला हवं त्याच रेषेत, पण चौकटीबाहेर उभं राहायचं. दुसरी चोरी शेपटीची: झटापटीचा प्रसंग कुत्र्याला खेळ वाटतो, शेपूट हलू लागते, मग संकलकाला तेवढा तुकडा छाटावा लागतो.

१९२३ च्या 'व्हेअर द नॉर्थ बिगिन्स'मध्ये तो नायक झाला आणि चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीची चांदी झाली. त्याने कंपनीला दिवाळखोरीतून वाचवलं असं सर्रास लिहिलं जातं. कंपनी तेव्हा लहान होती आणि त्याचे चित्रपट हमखास चालायचे, एवढं मात्र खरं. त्याच्या बऱ्याच पटकथा डॅरिल झॅनकने लिहिल्या, पुढे ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या बड्या स्टुडिओचा प्रमुख झाला तोच. बघायचाच असेल तर १९२५ चा 'क्लॅश ऑफ द वुल्व्ज' बघा. पंजात काटा रुतलेला, लंगडत चाललेला लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या त्याने असा रंगवलाय की थक्क व्हायला होतं. त्याच चित्रपटात कुणी ओळखू नये म्हणून कुत्र्याला खोटी दाढी लावलीय, त्यावर न बोललेलं बरं.

पहिल्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट अभिनेत्यासाठी सर्वाधिक मतं त्यालाच पडली होती, ही गोष्टही रंगवून सांगतात. तिच्यावर फार विसंबू नका. पुरस्कार एमिल यानिंग्स या नटाला मिळाला.

मग बोलपट आले. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेराच बंद खोक्यात गेला, आणि डंकनचा आवाज तर ध्वनिमुद्रणात येऊन चालणारच नव्हता. उरल्या हाताच्या खुणा. पण हात बघायचा तर कुत्र्याला मालकाकडे बघावं लागतं, म्हणजे नजरेची ती जुनी अडचण दुप्पट झाली. कुत्रे बोलत नाहीत असं कारण देऊन वॉर्नरने १९२९ मध्ये त्याला नारळ दिला. त्यानंतर मॅस्कॉट कंपनीसाठी त्याने दोन मालिकापट (भागाभागांत दाखवले जाणारे चित्रपट) केले, 'द लोन डिफेंडर' आणि 'द लाइटनिंग वॉरियर'.

१० ऑगस्ट १९३२ ला तो लॉस एंजेलिसमध्ये गेला. त्याची कबर मात्र फ्रान्समध्ये आहे, पॅरिसला लागून असलेल्या आस्निएरच्या प्राण्यांच्या दफनभूमीत.