प्लाझ्मा ६ मध्ये व्हिडिओची छोटी खिडकी वर कशी ठेवली

पर्वरीत गोवा विधानसभेचं अधिवेशन सुरू असलं की पणजीतल्या आमच्या टेबलावर कोपऱ्यात कामकाजाचं थेट प्रक्षेपण आणि उरलेल्या पडद्यावर बातमी, अशी मांडणी लागते. लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये आवृत्ती ६ (फेब्रुवारी २०२४) पासून वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवण्याची नवी व्यवस्था, हेच आपोआप निवडलं जाणारं सत्र झालं. त्यावर आल्यापासून फायरफॉक्सची 'पिक्चर-इन-पिक्चर' खिडकी (व्हिडिओची सुटी छोटी खिडकी) बातमी लिहायच्या एडिटर प्रोग्रामवर क्लिक केलं की मागे जायची आणि दर वेळी नव्या जागी उघडायची.

याचं कारण वेलँडच्या रचनेत आहे. एक्स ११ या जुन्या व्यवस्थेत प्रोग्राम स्वतःच 'मला सगळ्यांच्या वर ठेव, अमुक ठिकाणी ठेव' असं सांगू शकत असे. वेलँडच्या एक्सडीजी-शेलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने खिडकीबद्दल काय मागायचं त्याच्या नियमावलीत, अशी विनंतीच नाही. जागा आणि थर कंपोझिटर (सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) ठरवतो, म्हणजे इथे प्लाझ्माचा केविन. त्यामुळे फायरफॉक्सच्या सेटिंग्ज उलटसुलट करण्यात वेळ घालवू नये.

व्हिडिओची खिडकी उघडी ठेवून सिस्टीम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंट, तिथून विंडो रूल्स उघडलं. नवा नियम घेतला, 'डिटेक्ट विंडो प्रॉपर्टीज' दाबून खिडकीवर क्लिक केलं. विंडो क्लास (खिडकी कोणत्या प्रोग्रामची ते सांगणारं नाव) हाताने टाइप करू नका. फायरफॉक्स कोणत्या पॅकेजमधून बसवलाय त्यानुसार तो कुठे 'फायरफॉक्स' असतो, तर कुठे 'ऑर्ग डॉट मोझिला डॉट फायरफॉक्स'. शीर्षकाची अट 'एक्झॅक्ट मॅच' हवीच. पहिल्यांदा मी ती सोडली आणि अख्खा ब्राउझर सगळ्यांच्या वर येऊन बसला. फायरफॉक्सची भाषा बदलली तर शीर्षकही बदलू शकतं, तेव्हा ही अट पुन्हा तपासा.

मग गुणधर्म जोडले. 'कीप अबव्ह'ला (वर ठेवणे) फोर्स, म्हणजे नियम कायम लागू, आणि होय. 'पोझिशन'ला मात्र फोर्स देऊ नका, खिडकी माउसने हलेनाशी होते, 'रिमेंबर' द्या. १९२०×१०८० पडद्यावर ४८०×२७० ची खिडकी उजव्या खालच्या कोपऱ्यात हवी तर डावीकडून आणि वरून मोजलेले आकडे १४४०, ८१०. खाली पॅनल असेल तर त्याची उंची ८१० मधून वजा करा. पडदा १२५ टक्के मोठा केलेला असेल तर केविनला तो १५३६×८६४ दिसतो, मग आकडे १०५६, ५९४.

सर्वात उपयोगी ठरलं ते 'ॲक्सेप्ट फोकस'ला (खिडकीने कीबोर्ड घ्यावा का) फोर्स आणि 'नाही' देणं. त्याआधी खिडकी उघडताच कीबोर्ड तिच्याकडे जायचा. वाक्यात स्पेस दाबली की मंत्र्यांचं उत्तर मध्येच थांबायचं. आता टंकलेखन एडिटरमध्येच राहतं, थांबवायचं बटण माउसने चालतं.

एक मर्यादा उरते. एडिटर फुलस्क्रीन केला तर तो 'वर ठेवलेल्या' खिडक्यांच्याही वरच्या थरात जातो, म्हणून आम्ही त्याला मॅक्सिमाइझच ठेवतो. दुसऱ्या संगणकांवर नियम नेण्यासाठी त्याच पानावरचं 'एक्सपोर्ट' वापरलं. तिकडे 'इम्पोर्ट' केल्यावर विंडो क्लास आणि आकडे त्या पडद्याप्रमाणे बदलून घेतले.