पाच किलोमीटर खाली कोणतं पथक जाणार?

खोल समुद्राच्या तळाशी खाणकामाला परवानगी द्यावी का? माझं उत्तर नाही, आणि त्याला कारण आमची खाडी.

मी कळव्याचा. आजोबांच्या काळी रेती हातपाटीने निघायची. होडी नांगरायची, तळाशी बांबू रोवायचा, तो धरून डुबी मारायची आणि बादली भरून वर यायचं. छातीत दम असेल तेवढीच रेती. मग सक्शन पंप आले. पंपाला कसला दम लागतोय! रेतीबरोबर गाळ, चिंबोरीची पिल्लं, सगळंच वर. बंदी आली, तरी रात्री घरघर चालूच. अधूनमधून महसूलचं पथक यायचं, गॅस कटरने बार्ज कापायचं, पेपरात फोटो यायचा. थोड्या दिवसांनी दुसरा बार्ज हजर. हे लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यात.

आता हिंदी महासागर बघा. तिथे ७५,००० चौरस किलोमीटर तळ धुंडाळायचा हक्क भारताकडे आहे. देशांच्या हद्दीबाहेरचा समुद्रतळ सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी २००२ साली तसा करार झाला. तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेत, त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. गोळा वाढतो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या खोल समुद्रात मुद्दाम तळ नांगरून बघितला. २०१५ साली परत गेले, तर चऱ्या तशाच. आमच्या खाडीत निदान भरती-ओहोटी तरी आहे!

तिथल्या खाणकामाचे प्राधिकरणाचे नियम अजून पक्के नाहीत. तेवढ्यात एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी प्राधिकरणाला बगल देऊन परवाने द्यायचा आदेश काढला. म्हणजे बंदीआधीच रात्रीचे पंप.

"बॅटरीला धातू लागणारच ना?" असं मी धाकट्याला विचारलं. तो तुर्भ्याला ई-रिक्षांच्या बॅटऱ्या जुळवतो. म्हणाला, "दादा, आमच्या सेलमध्ये कोबाल्ट नाही नि निकेलही नाही. लिथियम, लोखंड, फॉस्फेट. लांब पल्ल्याच्या महागड्या गाड्यांना निकेल लागतं, ते वेगळं."

माझा विरोध शोधाला नाही. मत्स्य ६००० या आपल्या खोल समुद्रातल्या पाणबुडीतून आपली माणसं जरूर खाली जाऊ देत, जीव मोजू देत. पण गोळे उपसायचं वराह नावाचं यंत्रही आपण बनवलंय, २०२१ साली ५,२७० मीटरवर त्याची चाचणीही झाली. ते सध्या बंदरातच बरं.

यावर धाकट्याचं म्हणणं, "आपण थांबलो म्हणून चीन थांबणार का?" नाही थांबणार. तरीही माझं उत्तर नाहीच.